रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर

सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा, रिपोर्ट मोबाईलवर गेला की बऱ्याच जणांचा घाबरून फोन येतो, पांढऱ्या पेशींच्या काउंटपुढे एच (हाय, म्हणजे जास्त) लिहिलंय, कॅन्सर तर नाही ना? बहुतेक वेळा कारण साधं इन्फेक्शन असतं, म्हणून आमच्या लॅबतर्फे हे लिहून देतोय.

मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,००० काउंट नॉर्मल धरतात. काही रिपोर्टवर १२,५०० येतं, काहींवर नुसतं १२.५, दोन्ही एकच, दुसरा आकडा हजारात असतो. नवजात बाळाचा काउंट २०,००० असला तरी नॉर्मल असू शकतो आणि गरोदरपणातही तो वाढतोच, त्यामुळे त्यांना मोठ्यांची रेंज लावू नका.

आता महत्त्वाचं. नुसत्या टोटलवर थांबू नका, खाली डिफरन्शियल असतं, म्हणजे न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल अशा पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी, ते बघा. न्यूट्रोफिल वाढलेत तर न्यूमोनिया, गळू, अपेंडिक्स, लघवीचं इन्फेक्शन असं काहीतरी असू शकतं, पण ऑपरेशननंतर, भाजल्यावर किंवा दम्या-सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी ते वाढतात, आणि रोज सिगरेट ओढणाऱ्यांचा काउंट तर एरवीही थोडा वरच असतो. म्हणून सॅम्पल देतानाच चालू गोळ्या सांगा. लिम्फोसाइट बरेचदा व्हायरल आजारात वाढतात, लहान मुलांच्या डांग्या खोकल्यात तर खूपच. इओसिनोफिल वाढले की दमा, अ‍ॅलर्जी, पोटातले जंत, आणि विदर्भातल्या पेशंटमध्ये हत्तीरोगाचाही विचार डॉक्टर करतात.

टक्केवारी फसवते हेही लक्षात ठेवा. टोटल ९,००० म्हणजे नॉर्मल, पण त्यात इओसिनोफिल १० टक्के असतील तर ते ९०० झाले, आणि ५०० च्या वर गेले की वाढलेले धरतात. उलट टोटल ४,००० आणि लिम्फोसाइट ५० टक्के म्हणजे २,०००, हे ठीकच आहे.

पावसाळ्यात एक गोष्ट आवर्जून सांगतो, डेंग्यूत काउंट बहुधा खाली जातो आणि टायफॉइडमध्ये बरेचदा नॉर्मल किंवा कमीच असतो, त्यामुळे काउंट वाढला नाही म्हणजे ताप किरकोळ आहे असं समजू नका. आणि एच दिसला म्हणून मेडिकलमधून स्वतःच अँटीबायोटिक आणून सुरू करू नका, प्लीज! ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करायचं ठरलं तर अँटीबायोटिकच्या आधी घेतलेल्या सॅम्पलमध्ये जंतू सापडायची शक्यता जास्त असते.

काउंट ५०,००० च्या वर गेला, स्मिअरमध्ये (काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितलेल्या रक्तात) ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व, पेशी दिसल्या, किंवा सोबत हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही कमी झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) निघाला तरी सगळे प्रकार सारखे नसतात, क्रॉनिक मायलॉइड प्रकारात २००१ मध्ये आलेल्या इमॅटिनिब गोळीनंतर पेशंट वर्षानुवर्षं चांगलं जगतायत. तापात धाप लागली, पेशंट असंबद्ध बोलायला लागला किंवा लघवी कमी झाली तर रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

सीबीसीला उपाशीपोटी यायची गरज नाही. जुना रिपोर्ट असेल तर सोबत आणा, कारण जो काउंट गेली दोन-तीन वर्षं ११,५०० च्या आसपासच आहे आणि जो महिन्याभरात ६,००० वरून तिथे पोचलाय, या दोन्हीकडे डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात.