वीगन चळवळीचं मुंबई कनेक्शन : जे दिनशाह आणि त्यांच्या कामाची पार्श्वभूमी

वीगन म्हणजे मांसच नाही तर दूध, अंडी, मध, चामडं असं प्राण्यांकडून मिळणारं काहीच न वापरणारा माणूस. हा शब्द काढला की आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं हे परदेशातून आलेलं नवं फॅड आहे, बदामाचं दूध परवडणाऱ्यांचं काहीतरी. पण अमेरिकेत ही चळवळ ज्या माणसाने संघटना म्हणून उभी केली, त्या जे दिनशाह यांचे वडील मूळचे मुंबईचे पारशी, आणि जे दिनशाहांनी १९६० मध्ये जे मासिक सुरू केलं त्याचं नावच 'अहिंसा' होतं. हे मासिक त्या नावाने चाळीस वर्षं न्यू जर्सीतून निघत राहिलं. आपल्याकडे हे फारसं कोणाला माहीतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात वडिलांपासून करावी लागेल. दिनशाह पेस्तनजी घडियाली, जन्म मुंबईत १८७३ चा. तरुणपणी थिऑसॉफीच्या, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य मानणाऱ्या विचारसरणीच्या, वर्तुळात वावरलेले, स्वतः शाकाहारी, जे पारशी घरात तसं दुर्मिळच. १९११ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे फिलाडेल्फियाच्या दक्षिणेला मलागा नावाच्या छोट्या गावात स्थायिक झाले. त्यांचं नाव झालं ते स्पेक्ट्रोक्रोम नावाच्या यंत्रामुळे, रंगीत काचांमधून दिव्याचा उजेड अंगावर सोडून आजार बरे करायचा दावा होता. त्या दाव्याला वैज्ञानिक आधार नव्हता हे स्पष्ट सांगायला हवं, आणि १९४७ मध्ये अमेरिकन कोर्टाने त्यांना दोषीही ठरवलं. उपकरणांचं काम पुढे दुसऱ्या मुलाने, डॅरियसने चालवलं. जे यांनी उचलला तो घरातला दुसरा वारसा, न मारता जगण्याचा. त्यांचा जन्म १९३३ चा, मलागाचाच, आणि त्यांनी आयुष्यात कधी मांस खाल्लंच नव्हतं. दूध, चीज मात्र घरात होतं, अगदी आपल्याकडच्या शाकाहारी घरांसारखंच.

आता अमेरिकेत त्याआधी काही नव्हतं का, तर होतं. १८१७ मध्ये इंग्लंडमधून विल्यम मेटकाफ नावाचा पाद्री बायबल ख्रिश्चन चर्चची चाळीसेक माणसं घेऊन याच फिलाडेल्फियात उतरला होता, त्या चर्चमध्ये मांस आणि दारू दोन्ही वर्ज्य. १८५० मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन व्हेजिटेरियन सोसायटी निघाली, तीही काही वर्षांत बारगळली. या सगळ्यात दुधाचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला, अधूनमधून कोणीतरी काढायचं आणि विषय तिथेच थांबायचा.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने लावून धरला ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन यांनी. हे सुतारकामाचे शिक्षक, लहानपणी काकांच्या शेतावर डुक्कर मारताना बघितलेलं, तेव्हापासून मांस सोडलेलं. १९४४ मध्ये त्यांनी आणि काही मित्रांनी तिथल्या व्हेजिटेरियन सोसायटीला विनंती केली की तुमच्या मासिकात दूध-अंडी न खाणाऱ्यांसाठी थोडी जागा द्या, ती मिळाली नाही, मग नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनला मूठभर लोकांनी बसून वेगळी व्हीगन सोसायटी काढली. महायुद्ध चालू, रेशनिंग चालू, आणि ही मंडळी रेशनवर मिळणारं लोणी-चीजसुद्धा नको म्हणत होती, त्या काळात हे किती कठीण गेलं असेल. अमेरिकेत १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात कॅथरीन निम्मो आणि रुबिन अब्रामोविट्झ यांनी छोटा गट सुरू केला होता. पुढे १९६० मध्ये दिनशाहांची अमेरिकन व्हीगन सोसायटी निघाल्यावर त्यांनी आपला गट बंद केला आणि निम्मो बाई नव्या सोसायटीच्या पहिल्या सभासद झाल्या. चळवळींमध्ये आपापलं दुकान सोडून दुसऱ्याच्या कामात सामील होणारी माणसं फार कमी असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

जे दिनशाहांच्या आयुष्यातला वळणाचा दिवस १९५७ चा, फिलाडेल्फियातल्या एका कत्तलखान्याला दिलेली भेट. वय तेव्हा तेवीस-चोवीस. जन्मापासून शाकाहारी असलेल्या माणसाला तिथे नवीन काय कळणार असं वाटेल, पण जे कानावर असतं आणि जे डोळ्यासमोर चालतं त्यात फार फरक आहे. जनावरं एकामागोमाग एक येतायत, माणसं शिफ्टमध्ये काम करतायत, खाली सगळं रक्त आणि वर वास, आणि हे उद्याही असंच चालू राहणार. तिथून बाहेर पडताना त्यांनी ठरवलं की जगातले कत्तलखाने बंद होईपर्यंत रोज या कामासाठी काहीतरी करायचं. आणि ते खरंच पुढची त्रेचाळीस वर्षं तेच करत राहिले.

त्याच सुमारास ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीचं साहित्य त्यांच्या हातात पडलं आणि दुधाचा हिशोब समोर आला. हिशोब अगदी सरळ आहे, गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, म्हणजे दूध चालू ठेवायचं तर वरचेवर वासरू जन्माला घालायला लागतं, त्यातली निम्मी नर निघणार, त्यांचा डेअरीला काहीच उपयोग नाही, ती जातात मांसाला, आणि गाय भाकड झाली की तीही त्याच दारात. म्हणजे आपण मांस खात नाही म्हणून जो कत्तलखाना आपला नाही असं वाटत होतं, तो दुधाच्या ग्लासामागे उभाच आहे. शाकाहारी माणसाला हे ऐकायला सगळ्यात जड जातं, मांसाहारी माणसापेक्षाही जड, कारण त्याची समजूत असते की आपण आधीच हात धुवून मोकळे झालोय.

आपल्याकडे वेगळं चित्र आहे का? कुठल्याही शहराबाहेरच्या म्हशींच्या तबेल्यात जाऊन बघा. रेडी असेल तर तिला थोडंफार दूध सोडतात, टोणगा असेल तर त्याला दोन घोट देऊन म्हैस पान्हावली की लगेच बाजूला बांधतात, पुढे तो किती दिवस काढतो ते कोणी मोजत नाही. पान्हा सुटावा म्हणून इंजेक्शन देणारेही आहेत. दूधवाला दुष्ट असतो असं माझं अजिबात म्हणणं नाही, त्याला लिटरमागे जो भाव मिळतो त्यात टोणगा पोसणं परवडत नाही, एवढंच. म्हणून या प्रश्नाचं उत्तर गोठ्याच्या मालकाकडे मागण्याऐवजी दूध विकत घेणाऱ्याने द्यावं असं मला वाटतं, आणि दिनशाहांचा रोखही शेवटपर्यंत ग्राहकाकडेच राहिला.

फेब्रुवारी १९६० मध्ये मलागाच्या घरातूनच अमेरिकन व्हीगन सोसायटी सुरू झाली. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं, बायको फ्रेया, इंग्लंडची. पुढचं सगळं काम या दोघांचं आहे, आणि फ्रेयाचं नाव बऱ्याचदा मागे पडतं हे मला खटकतं. जे भाषणं देत फिरायचे, लोक पटून घरी जायचे, आणि घरी गेल्यावर प्रश्न उभा राहायचा की आता सकाळी नाश्त्याला खायचं काय, केकमध्ये अंडं नाही तर घालायचं काय. तेव्हा सुपरमार्केटमध्ये सोया दुधाचा कार्टन मिळत नव्हता. फ्रेयाने १९६५ मध्ये वीगन स्वयंपाकाचं पुस्तक काढलं, ते पुढे कित्येक आवृत्त्यांमध्ये निघत राहिलं. भाषणाने माणूस एक आठवडा टिकतो, पुढे त्याला रेसिपी लागते.

'अहिंसा' मासिकात त्यांनी आपली सहा सूत्रं मांडली, अहिंसा शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या सहा अक्षरांवरून. प्राण्यांपासून मिळणाऱ्या वस्तू टाळणं, जीवमात्राला इजा न करणं, विचार-वाणी-कृती यांत मेळ, स्वतःवर ताबा, माणूस आणि निसर्गाची सेवा, आणि सत्य समजून घेत पुढे जाणं. यातलं पहिलं सोडलं तर बाकी पाच कुठल्याही कीर्तनात ऐकू येतील. आणि पहिल्यात फक्त ताट येत नाही, चामड्याची चप्पल येते, लोकर येते, मध येतो, आणि आपल्यासाठी बोलायचं तर पैठणीसुद्धा येते, कारण रेशमाचा अखंड धागा काढायचा तर कोष आतल्या किड्यासकटच उकळावा लागतो. एवढं सगळं एकदम कोणी सोडत नाही हे दिनशाहांनाही कळत होतं.

आता जो भाग वीगन लोकच सांगायचं टाळतात तो, म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं तेच मुळी १९४८ मध्ये, म्हणजे वॉटसन आणि मंडळींनी दूध सोडलं तेव्हा त्यांना आपल्या आहारात नेमकं काय कमी पडणार हे कळायला मार्गच नव्हता. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये वीगन लोकांच्या तपासण्या झाल्या तेव्हा काहींच्यात बी-१२ ची कमतरता दिसली, काही जण आजारीही पडले. हे जीवनसत्त्व बॅक्टेरिया तयार करतात, भाजी-धान्यातून ते भरवशाने मिळत नाही, त्यामुळे गोळी किंवा बी-१२ घातलेलं अन्न घ्यावंच लागतं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रात तर दूध-दही खाणाऱ्या शाकाहारी लोकांतही ही कमतरता भरपूर सापडते, त्यामुळे कोणी वीगन व्हायचं म्हणत असेल तर आधी रक्त तपासा, गोळी चालू करा आणि मग बाकीची चर्चा करा. तत्त्वासाठी हातापायाला मुंग्या आणून घेण्यात काही अर्थ नाही.

भारताशी दिनशाहांचा संबंध नुसता वडिलांपुरता नव्हता. १९६७-६८ च्या सुमारास ते जगभर भाषणं देत फिरले, त्यात भारतही होता. १९६७ चं जागतिक शाकाहार संमेलनही भारतातच झालं. आपल्याकडे येऊन दुधाबद्दल बोलणं म्हणजे सोपं काम नाही, इथे दूध म्हणजे नैवेद्य, पंचामृत, तुपाची धार, कृष्णाचं लोणी. पण याच मातीत गांधीजींनी हा प्रश्न खूप आधी स्वतःला विचारला होता. दक्षिण आफ्रिकेत असताना १९१२ च्या सुमारास त्यांनी दूध सोडलं, जास्त दूध काढण्यासाठी गायी-म्हशींना फुक्याच्या पद्धतीने, म्हणजे योनीमार्गात हवा फुंकून, छळतात हे वाचून त्यांना शिसारी आली होती. पुढे १९१८ च्या मोठ्या आजारपणात शेळीचं दूध घ्यावं लागलं आणि ती गोष्ट त्यांना कायम सलत राहिली, आत्मचरित्रात त्यांनी हे लिहिलंय. १९३१ मध्ये लंडनच्या व्हेजिटेरियन सोसायटीत ते बोलले तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की शाकाहार फक्त तब्येतीच्या आधारावर टिकत नाही, त्याला नैतिक पाया लागतो. दिनशाहांचा सगळा डोलारा त्याच पायावर आहे.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र मला १९७५ चं वाटतं. जागतिक शाकाहार संमेलन अमेरिकेत भरवायचं ठरलं, त्यासाठी १९७४ मध्ये नॉर्थ अमेरिकन व्हेजिटेरियन सोसायटी काढली, पहिले अध्यक्ष दिनशाहच, आणि ऑगस्ट १९७५ मध्ये मेन राज्यातल्या ओरोनो गावी युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर सुमारे दीड हजार माणसं जवळपास दोन आठवडे एकत्र राहिली. आज हा आकडा लहान वाटेल. पण तोपर्यंत अमेरिकेतले शाकाहारी म्हणजे एकेका गावात एकेकटे, घरचे वेडे समजतायत, ऑफिसात चेष्टा होतेय, आणि पत्रांशिवाय दुसरा आधार नाही. अशी माणसं पंधरा दिवस एका मेसमध्ये जेवली, रात्री उशिरापर्यंत बोलली, आणि परत गेली ती पत्ते आणि कामं घेऊन. नाझींनी पोलंडमध्ये ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सा घेट्टोतून वाचलेले अ‍ॅलेक्स हर्शाफ्ट तिथे होते, ते पुढे अमेरिकेतल्या प्राणी-हक्क चळवळीतले एक मोठे संघटक झाले.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी, दिनशाह स्वतः कट्टर वीगन, पण त्यांनी शाकाहारी लोकांची वेगळी संघटना काढली आणि ती मनापासून चालवली. दूध पिणाऱ्याला दारातच अडवलं नाही. आजकाल सोशल मीडियावर वीगन लोक शाकाहारी लोकांवर जे तुटून पडतात ते बघून मला वाईट वाटतं, कारण या चळवळीची वाट ज्यांनी पाडली ते असे वागत नव्हते. १९७७ मध्ये याच संघटनेने १ ऑक्टोबर हा जागतिक शाकाहार दिन सुरू केला, पुढच्या वर्षी शाकाहाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही तो मान्य केला. आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी गांधी जयंती असते.

जून २००० मध्ये हार्ट अटॅकने दिनशाह गेले, वय ६६. फ्रेयाने सोसायटीची सूत्रं हातात घेतली, आणि २००१ पासून मासिक 'अमेरिकन व्हीगन' या नावाने निघायला लागलं. नाव बदललं याची मला थोडी हळहळ वाटते, पण दुकानात मासिक हातात घेणाऱ्या अमेरिकन माणसाला आत काय आहे ते कव्हरवर कळायला हवं हेही खरं.

आपल्याकडे या विषयावर सगळ्यात चिकाटीचं काम पुण्यातून झालंय. ब्युटी विदाउट क्रुएल्टी ही मूळ ब्रिटनमधली संस्था, तिचं भारतातलं काम १९७४ मध्ये डायना रत्नागर यांनी पुण्यातून सुरू केलं, रेशीम, चामडं, कॉस्मेटिक्स सगळ्यावर माहिती गोळा करून ती लोकांसमोर मांडत राहिल्या. पाकिटावर हिरवा आणि तपकिरी ठिपका २००१ मध्ये सक्तीचा झाला, त्यामागेही या संस्थेचा पाठपुरावा होता. पण हिरव्या ठिपक्यात दूध बसतं, त्यामुळे वीगन माणसाला तरीही बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचत बसावं लागायचं, बिस्किटात मिल्क सॉलिड्स आहेत का, चिप्सच्या मसाल्यात व्हे पावडर आहे का. २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, वीगन पदार्थांसाठी वेगळा लोगो आणला आणि २०२२ मध्ये त्याचे नियम लागू केले, त्यामुळे तो लोगो पाकिटावर असेल तर निदान तेवढी यादी तरी वाचायला लागत नाही.