ओढ जाणे : टर्बो डिझेल फोर बाय फोर गाडीतील दोषनिदान

चढावर किंवा भार असताना गाडीचा जोर नेहमीपेक्षा कमी पडू लागला की त्याचे कारण एकेक शक्यता बाद करत शोधणे म्हणजे हे निदान. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात तक्रार 'पिकअप नाही' किंवा 'गाडी ओढत नाही' अशा शब्दांत येते आणि बऱ्याचदा गॅरेजच्या दारातच 'टर्बो गेला' असा निकाल लागतो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. हा निकाल बहुधा घाईचा असतो. टर्बो बदलूनही ओढ परत येत नाही, आणि मग कुठेतरी फाटलेला रबरी पाईप किंवा चोंदलेला डिझेल फिल्टर सापडतो.

सपाट रस्त्यावर हा दोष लपून राहतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. गोवा-कोकणातून वर येणारे अनमोड, चोर्ला, आंबोली, तिलारी हे सगळे रस्ते सह्याद्री चढूनच येतात, त्यामुळे गाडी अडते ती घाटात. 'उंचीमुळे हवा विरळ, म्हणून असे होते' हे स्पष्टीकरण इथे चालत नाही. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. बिनटर्बोच्या इंजिनाला तो जाणवतो, टर्बो मात्र ही तूट बरीचशी भरून काढतो. उंचीचा संबंध येतो तो स्कॅनरवरचे (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावरचे) आकडे वाचताना. किल्ली चालू, इंजिन बंद अशा स्थितीत हवेच्या दाबाचा सेन्सर बेळगावात सुमारे ९२-९३ किलोपास्कल दाखवतो, कारवारला १०१च्या आसपास. बेळगावातला आकडा कमी दिसतो म्हणून चांगला सेन्सर फेकून देऊ नये.

इंजिनाला हात लावण्याआधी बाकीच्या गोष्टी बाद कराव्यात. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढतो पण वेग वाढत नसेल तर क्लच घसरतो आहे. थोडे चालवल्यावर एखाद्या चाकाजवळ इतरांपेक्षा जास्त ऊब जाणवली तर ब्रेक धरून राहिला आहे. फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर मिळू शकणाऱ्या गाडीत, आणखी एक खास कारण असते. मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियर) नसलेल्या गाड्यांत चिखलातून बाहेर आल्यावर फोर-हाय (चारही चाकांना जोर देणारी जोडणी) तसाच राहिला, तर डांबरी रस्त्यावर पुढची-मागची चाके एकमेकांविरुद्ध ताणली जातात. वळणावर गाडी जड होते आणि चालकाला वाटते की इंजिन मेले. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातलेल्या गाडीची ओढ तर बसवल्या दिवसापासूनच कमी झालेली असते, पण हे मालकाच्या गळी उतरवणे कठीण जाते.

यानंतर धूर पाहावा. भरपूर काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा कमी पडते. धूर नाही आणि ओढही नाही, तर डिझेलच कमी पोचते किंवा कॉम्प्युटरने स्वतःहून इंजिनाचा जोर आवळला आहे. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. गरम इंजिनातला सततचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा सिलिंडरमध्ये शिरलेल्या कूलंटचा.

हवेची वाट तपासणे स्वस्त, म्हणून ते आधी. कणकुंबी-जांबोटीकडची जांभ्याची लाल धूळ उन्हाळ्यात एअर फिल्टर लवकर भरते, आणि पावसाळ्यात ओढा ओलांडताना भिजलेला कागदी फिल्टर हवा अडवतो. टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) आणि इंटरकूलर ते इंजिन या पाईपांवरची क्लिप सैल झाली किंवा रबर आतून चिरले, की भाराखाली 'फुस्स' आवाज येतो आणि सांध्याबाहेर ऑइलचा ओला डाग पडतो. उभ्या गाडीत चीर बंद असते. ती शोधायला पाईपात बेताचा दाब भरून साबणाचे पाणी लावावे. पाईपाच्या आत ऑइलचा पातळ थर असणे मात्र नेहमीचेच, त्यावरून टर्बो फुटला असे ठरत नाही.

बारीक व्हॅक्यूम नळ्यांकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बाहेर उभ्या गाडीच्या बोनेटमध्ये उंदीर शिरतात आणि त्या कुरतडतात. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बदलत्या पात्यांच्या टर्बोत इंजिन निष्क्रिय वेगात असताना अ‍ॅक्च्युएटरचा दांडा (पाती हलवणारा) सहसा ओढलेला असतो; नळी फाटली की तो सुटतो, पाती उघडी राहतात आणि खालच्या आरपीएमला दमच उरत नाही. हातपंप लावून दांडा सुरळीत हलतो का, व्हॅक्यूम टिकते का, हे काही मिनिटांत कळते. उलट पाती काजळीने बंद स्थितीत अडकली तर दाब प्रमाणाबाहेर जातो, दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये (कॉम्प्युटरने जोर आवळलेल्या स्थितीत) जाते. इंजिन बंद करून पुन्हा चालू केल्यावर तात्पुरती बरी होणारी गाडी बहुधा याच गटातली असते. ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकल्यासही काळा धूर येतो. त्यावर पत्रा मारून तो बंद करण्याची पद्धत सर्रास आहे. ती उत्सर्जनाचे नियम मोडते, आणि मूळ दोष दुसरीकडे असेल तर तसाच ठेवते.

डिझेलच्या बाजूला पहिला संशयित फिल्टर. त्याच्या तळाचे पाणी काढले जात नाही, आणि पावसाळ्यात ते अधिक साचते. कॉमन रेल इंजिनात (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळणाऱ्या) निष्क्रिय वेगावर रेलमधला दाब साधारण २५० ते ३५० बार असतो, पूर्ण भारावर १,६००पर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. म्हणून स्कॅनर लावून गाडी चढावर चालवावी आणि मागितलेला दाब व मिळालेला दाब सोबत पाहावा. उभ्या गाडीत हा फरक दिसत नाही. मागे पडणारा दाब पंपामुळे की इंजेक्टरमुळे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागामुळे), हे इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून ठरते : ज्याची बाटली लवकर भरते तो गळका.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ (उत्सर्जन नियमांच्या) डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. काजळी जाळून तो साफ व्हायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. शहरातल्या शहरात फिरणारी गाडी तेवढी तापत नाही. फिल्टर चोंदतो आणि इंजिनाला श्वास सोडता येत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर एकसारख्या वेगाने चालवणे हा उपाय सुरुवातीलाच लागू पडतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासणी मात्र सगळे नीट निघाल्यावरच करावी.

आणि टर्बो खरोखर गेला असेल तर? शाफ्टला आडवी किंचित हालचाल चालते, पुढे-मागे जाणवण्याजोगी नाही. पंखा घराला घासल्याच्या खुणा दिसल्या की संशय उरत नाही. हा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो ते ऑइलच्या पापुद्र्यावर. म्हणून नवा बसवण्याआधी ऑइल नेणारी नळी गाळाने बंद झाली आहे का, हे पाहिले नाही तर तोही त्याच वाटेने जातो. इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइलही काढावे लागते. इंजिनाने ते ओढून घेतले तर किल्ली बंद केल्यावरही इंजिन तेच जाळत भरधाव फिरत राहू शकते, आणि मग मॅन्युअल गाडीत ब्रेक दाबून, वरच्या गियरमध्ये क्लच सोडून ते बंद पाडावे लागते.