‘फ्लाइट टू फ्रीडम’ या गेममागचा इतिहास

साल १८४८. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका मळ्यावर १४ वर्षांची ल्युसी किंग गुलाम म्हणून राबते आहे. सांगितलेलं काम मुकाट्याने करायचं, टाळायचं की गुपचूप बिघडवायचं, हे संगणकासमोर बसलेला विद्यार्थी ठरवतो. न्यूयॉर्कच्या ‘थर्टीन’ या सार्वजनिक वाहिनीने ‘मिशन यूएस’ मालिकेतला हा गेम २०१२ मध्ये शाळांसाठी आणला.

असा प्रयत्न आधीही झाला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘ओरेगॉन ट्रेल’ हा शैक्षणिक गेम काढणाऱ्या ‘मेक’ कंपनीने ‘फ्रीडम!’ हा गेम काढला. त्यात पळालेल्या गुलामाला वाचता येत नसेल, तर वाटेवरच्या पाट्यांवर नुसती अगम्य अक्षरं दिसत. कल्पना दमदार होती. पण कृष्णवर्णीय पालकांनी हरकत घेतली आणि गेम मागे घेतला गेला. पालकांचं दुखणं खरंच होतं. आपल्या पूर्वजांच्या यातनांवर वर्गात हार-जीत खेळली जावी, हे कुणाला सोसेल? ‘फ्लाइट टू फ्रीडम’वरही पुढे असेच आक्षेप आले.

तरी ल्युसीची गोष्ट मला मोलाची वाटते, कारण ती सुटकेपाशी थांबत नाही. केंटकीच्या सीमेवरची ओहायो नदी ओलांडली की पलीकडे, गुलामगिरी नसलेल्या ओहायो राज्यात, रिप्ली गाव. तिथे टेकडीवर जॉन रँकिन या धर्मोपदेशकाचं घर होतं. पळून आलेल्यांना तिथे आसरा मिळे. याच गावचा जॉन पार्कर आधी स्वतः गुलाम होता. स्वतःची किंमत मोजून तो मुक्त झाला, पुढे ओतकामाचा कारखाना काढला आणि रात्री होडीने केंटकीत शिरून माणसं सोडवून आणू लागला.

पळालेल्या गुलामांविषयीच्या १८५० च्या कायद्याने अशा मदतीसाठी १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली. पकडलेला माणूस गुलाम ठरवला तर निवाडा करणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर, मुक्त ठरवला तर ५! उत्तरेतल्या साध्या माणसालाही आता बाजू घेणं भाग होतं.

बाजू घेणारे आधीपासून होतेच. मताधिकार नसलेल्या बायका दारोदार फिरून गुलामगिरीविरोधी अर्जांवर सह्या गोळा करत. १८३६ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने हे अर्ज चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा ठराव केला, तरी अर्ज येतच राहिले. १८४४ मध्ये ती बंदी उठली. गुलामगिरी संपवणाऱ्या याच अमेरिकी लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली.