पालिका-पंचायतीला पहिलं मत द्यायचंय? आधी विधानसभेच्या यादीत नाव लावा

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांसाठी वेगळी मतदार नोंदणी नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि ती प्रभागांत किंवा गट-गणांत (जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या मतदारसंघांत) विभागतो. महाराष्ट्रात २०२५ मध्ये ही तारीख १ जुलै होती. निवडणूक जाहीर झाल्यावर भरलेल्या अर्जाचा त्या निवडणुकीत उपयोग होत नाही. प्रभाग याद्यांवरच्या हरकतींतही नवं नाव घेतलं जात नाही. चुकीचा प्रभाग पडला किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव इथे गळालं, एवढंच दुरुस्त होतं.

अर्हता दिनांक, म्हणजे वय मोजण्याच्या तारखा, वर्षातून चार : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी १८ वर्षं पूर्ण हवीत. २ जुलैला वाढदिवस असेल, तर थेट १ ऑक्टोबर धरायचा. १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, तोच करावा.

नव्या नोंदणीचा अर्ज क्रमांक ६ भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर भरता येतो किंवा भागातल्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) देता येतो. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचा रंगीत फोटो लागतो. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र चालतं. पत्त्यासाठी आधार, बँक पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल यांपैकी काहीही. बिल आईवडिलांच्या नावावर असलं तरी अडत नाही, मात्र त्यांचं नाव त्याच पत्त्यावर यादीत हवं. भाडेकरार नोंदणीकृतच हवा, नुसता नोटरी केलेला नव्हे. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी घर किंवा वसतिगृह यांपैकी एकच पत्ता निवडायचा. वसतिगृहाचा निवडल्यास संस्थेचं बोनाफाईड जोडायचं. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्यात बसत नाही.

सगळ्यात जास्त घोळ नावाच्या रकान्यात होतो. नाव इंग्रजीत टाइप केलं की शेजारी मराठी रूप आपोआप उमटतं, आणि 'काळे'चं 'काले' होतं. तो रकाना हाताने दुरुस्त करता येतो, पण पुष्कळजण तिकडे बघतच नाहीत. ओळखपत्रावर तेच छापून आलं, की मग दुरुस्तीसाठी अर्ज क्रमांक ८ भरावा लागतो. घरातल्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांकही नीट भरा. तो चुकला तर नाव भलत्याच यादी भागात जाऊ शकतं आणि एकाच घरातली माणसं दोन प्रभागांत विभागली जातात.

अर्ज गेल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा, अर्ज कुठवर पोचला ते त्यावरच कळतं. पडताळणीला बीएलओ घरी येतात. दार बंद दिसलं की अर्ज रेंगाळतो, म्हणून फोन नंबर चालू असलेलाच द्या. अडलं तर १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करा.