खान्देशात स्वतःचं प्लंबिंगचं काम सुरू करताना : कोणता कागद खरंच लागतो?

आपल्याकडे बहुतेक शहरांत नळाला पाणी रोज येत नाही. कुठे एक दिवसाआड, कुठे तीन-चार दिवसांआड. त्यामुळे घराघरात खाली हौद, वर टाकी, मधे मोटर आणि त्या सगळ्याला जोडणारं पाईपांचं जाळं. बोअरच्या पाण्यात क्षार, म्हणून नळ, शॉवर, गिझर दोन वर्षांत चोंदतात. प्लंबरला काम कमी पडत नाही ते यामुळे. ठेकेदाराच्या हाताखाली चार-पाच वर्षं काढलेला पोरगा एक दिवस म्हणतो, आता आपण आपलं काम धरू. तिथून कागदांचा प्रश्न सुरू होतो. अर्ज भरून द्यायचं काम मी करतो. समोर बसणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, लायसन लागतं का?"

त्यावर मी उलटा प्रश्न करतो, काम कोणतं करणार? गळका नळ, फ्लश टँक, टाकीची सफाई, बाथरूमची नवीन फिटिंग अशा घरातल्या दुरुस्तीच्या कामाला सरकारी परवाना लागत नाही. पाना आणि कटर घेऊन उद्या सकाळी निघालात तरी कोणी अडवणार नाही. पण रस्त्याखालच्या पालिकेच्या लाइनला हात लावायचा, फेरूल (मुख्य पाईपला भोक पाडून बसवायचा जोड) मारून नवीन नळजोडणी द्यायची, जोडणीचा आकार बदलायचा, तर परवानाधारक प्लंबरच लागतो. नवीन जोडणीच्या अर्जावर त्याची सही-शिक्का मागतात. तो शिक्का नसेल तर काम तुमचं आणि सही दुसऱ्याची. मजुरीतला वाटाही त्याचा.

हा परवाना शहराच्या पाणीपुरवठा विभागाकडून मिळतो. जळगाव आणि धुळे इथे महानगरपालिका. नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शहादा इथे नगरपरिषद. एका शहराचा परवाना दुसऱ्या शहरात चालत नाही, म्हणून जिथे काम जास्त तिथला आधी काढा. साधारण लागतं ते असं: विहित नमुन्यातला अर्ज, आधार, राहण्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, आयटीआयच्या प्लंबर ट्रेडचं प्रमाणपत्र किंवा अनुभवाचा दाखला, आणि फी व अनामत भरल्याची पावती. फी आणि अनामतीचे आकडे प्रत्येक पालिकेचे वेगळे, तेव्हा चौकशी खिडकीवरच करा. चहाच्या टपरीवर ऐकलेला आकडा धरून जाऊ नका.

आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. पण ज्याने तो केला नाही आणि दहा वर्षं हातानेच शिकला, त्याचं काय? अशांसाठी आरपीएल म्हणून सोय आहे. आधी शिकलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, पुन्हा वर्षभर वर्गात बसावं लागत नाही. प्लंबिंगसाठी हे काम वॉटर मॅनेजमेंट अँड प्लंबिंग स्किल कौन्सिलच्या अखत्यारीत येतं. मात्र तुमची पालिका ते प्रमाणपत्र परवान्यासाठी धरते का, हे आधी विचारा, मग परीक्षेला बसा.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. प्लंबर परवाना देणं आणि त्याचं नूतनीकरण करणं या दोन्ही गोष्टी नागरी संस्थांच्या लोकसेवा हमीच्या यादीत आहेत. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अर्जाची पोच आणि क्रमांक मिळालाच पाहिजे, ठरल्या मुदतीत निर्णय झाला पाहिजे आणि नाकारला तर कारण लेखी दिलं पाहिजे. नाहीतर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. कारण नसताना टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. "साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या" हे तिसऱ्यांदा ऐकलं की पोच पावती समोर ठेवा. भांडायची गरज पडत नाही, पावतीवरची तारीख बोलते.

गावातली गोष्ट निराळी. तिथली पाणी योजना ग्रामपंचायतीची, त्यामुळे जोडणीची परवानगीही तिचीच. जलजीवन मिशनच्या योजनांची देखभाल गावातल्याच माणसाने करावी म्हणून नल जल मित्र हा कार्यक्रम आहे. त्यासाठी नावं ग्रामपंचायत सुचवते. ग्रामसेवकाकडे चौकशी करून ठेवा.

व्यवसायाची ओळख : उद्यम

परवाना कामासाठी झाला. बँक, कर्ज, मोठ्या सोसायटीचं किंवा शाळेचं काम यासाठी व्यवसायाचा पुरावा लागतो आणि तो म्हणजे उद्यम, छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी पूर्ण ऑनलाइन आणि पूर्ण फुकट आहे. 'पूर्ण फुकट' हे मुद्दाम लिहितोय, कारण सरकारी वाटाव्यात अशा खासगी साइट या नोंदणीचे हजार-दोन हजार रुपये घेतात. सेवा केंद्रवाल्याला भरून देण्याचे पैसे द्या, नोंदणीचे म्हणून नको.

कागद अपलोड करावे लागत नाहीत, फक्त माहिती भरायची. आधार आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर, पॅन, बँक खातं आणि आयएफएससी, व्यवसायाचं नाव, पत्ता, सुरू केल्याची तारीख, कामावरची माणसं. व्यवसायाचा कोड विचारतात तिथे ४३२२ हा प्लंबिंगचा गट निवडायचा. गाळा नसेल तर घरचा पत्ता चालतो. अडकतं ते बहुधा एकाच ठिकाणी, आधार आणि पॅनवरच्या नावात. आधारवर वडिलांचं नाव मधे, पॅनवर नाही. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. मी तर म्हणतो, बाकी काही करण्याआधी ही दोन कार्डं शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा.

गाळा घेतला असेल तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते. एकट्याच्या किंवा दोन-तीन बिगाऱ्यांच्या धंद्याला पूर्ण नोंदणी लागत नाही, नमुना 'फ' मधली सूचना पुरते. काम सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत. पाटी मराठीत, देवनागरीत हवी. २०२२ पासून ही अट छोट्या दुकानांनाही आहे.

जीएसटीची भीती बहुतेकांना उगाच असते. सेवेच्या व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. मजुरी आणि तुम्ही पुरवलेलं सामान दोन्ही त्यात धरा. गिऱ्हाइकाने हार्डवेअरच्या दुकानातून स्वतःच्या नावाने बिल केलेलं सामान तुमच्या उलाढालीत येत नाही.

कर्ज, आणि विश्वकर्माचा घोळ

"पीएम विश्वकर्माचा फॉर्म भरून द्या" म्हणून दर आठवड्याला कोणीतरी प्लंबर येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये कारागिरांसाठी सुरू झालेल्या केंद्राच्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, गवंडी आहे, कुंभार, शिंपी, न्हावी सगळे आहेत. प्लंबर नाही. कोणी "गवंडी म्हणून टाकून देऊ" म्हणालं तर ऐकू नका. पुढे पडताळणी होते आणि प्रशिक्षणाच्या वेळी हातात थापी येते.

प्लंबरसाठी सोपा रस्ता मुद्राचा, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या केंद्राच्या कर्ज योजनेचा. शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तारण न ठेवता. उद्यम प्रमाणपत्र, आधार, पॅन, सहा महिन्यांचं खातं-उतारा आणि हत्यारांचं कोटेशन घेऊन बँकेत जा. हॅमर मशीन, जीआय पाईपला आटे पाडायचा डाय सेट, सीपीव्हीसी कटर आणि शिडी एवढं शिशुमध्ये सहज बसतं. गाडी आणि दुकान घ्यायचं असेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाकडे बघा. प्रवर्ग आणि शहर-ग्रामीण यानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान, अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत. ते अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं. हप्ते मात्र पहिल्यापासून भरायचे. एकट्या माणसाने आधी शिशु फेडून दाखवावं, हे माझं मत.

स्वतःसाठी

ठेकेदार सुटला की अपघाताचा खर्चही आपलाच. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात प्लंबरची नोंदणी होते. वय १८ ते ६०, मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम. वयाचा, रहिवासाचा आणि ओळखीचा पुरावा, फोटो, आणि मुख्य म्हणजे ९० दिवसांचा दाखला. तो जुन्या ठेकेदाराकडून, ग्रामसेवकाकडून किंवा पालिकेकडून मिळतो. म्हणूनच ठेकेदाराशी भांडून काम सोडू नका, निदान दाखला हातात येईपर्यंत तरी. नोंदणी फी नाममात्र एक रुपया. त्यासाठी एजंटला हजार मोजणारे लोक मी पाहिले आहेत.

ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांची केंद्राकडची नोंद, पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका. आणि बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा फॉर्म भरा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण, वय १८ ते ७०. हे पैसे खात्यातून आपोआप कापले जातात आणि विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. म्हणून मे महिन्यात, म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लोकांच्या गच्चीवर टाक्या बसवायचा सगळ्यात गर्दीचा हंगाम असतो तेव्हाच, खात्यात तेवढी शिल्लक आहे का ते बघून घ्या.