काळोखे आकाश, कोकण किनाऱ्यावरील

हौशी आकाशनिरीक्षणासाठी कृत्रिम उजेडापासून दूर, स्वच्छ आकाशाच्या जागा शोधून तेथे रात्र काढण्याचा प्रघात. मुंबईच्या खगोल मंडळाने (स्थापना १९८५) वांगणी येथे घेतलेल्या रात्रभराच्या कार्यक्रमांतून उत्तर कोकणात तो रुजला. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील वस्तीबरोबर तेथला उजेडही वाढला. खरा काळोख हवा असेल, तर आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्याचे सडे (उघडी खडकाळ पठारे) गाठावे लागतात.

आकाशाच्या काळोखासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली नऊ वर्गांची श्रेणी सर्वत्र वापरतात. किनाऱ्यावर मात्र काळोख आणि स्वच्छता या दोन गोष्टी वेगळ्या मोजणे आवश्यक आहे. समुद्रावरील मिठाचे कण आणि दमट हवा ताऱ्यांचा प्रकाश शोषतात व विखुरतात. आसपास दिवे नसतील, तर अशा धुरकट हवेत आकाशाची पार्श्वभूमीही मंदावते. त्यामुळे आकाशाचा उजेड मोजणाऱ्या तेजस्वितामापकावर दर चौरस विकलेस (आकाशाच्या इवल्याशा तुकड्यास) २२ प्रतींच्या जवळपासचा, म्हणजे उत्तम, आकडा दिसूनही (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका काळोख अधिक) अंधुक तारे हरवलेले असू शकतात. नुसत्या मापकाच्या नोंदीवरून जागेची थोरवी ठरवू नये.

निरीक्षणाचा मोसम आखूड आहे. जून ते सप्टेंबर ढगांचे; ऑक्टोबरात पाऊस सरला तरी हवेत दमटपणा उरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या अवसेच्या आसपासच्या रात्री सर्वोत्तम मानतात. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे कोरडी हवा आणतात, म्हणून मध्यरात्रीनंतरचे आकाश संध्याकाळपेक्षा बहुधा निवळ असते. पुढे भाजावळीचा आणि वणव्यांचा धूर सुरू होतो.

पश्चिमेला गावे नाहीत, हा या किनाऱ्याचा मोठा गुण. फेब्रुवारी-मार्चमध्ये संधिप्रकाश मावळल्यावर राशिचक्रीय प्रकाशाचा (ग्रहांमधल्या धुळीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाचा) तिरका सुळका समुद्रावर उभा राहतो. तो पाहण्यासाठी कोकणासारखे क्षितिज महाराष्ट्रात अन्यत्र नाही. एलईडी दिव्यांच्या मासेमारीने याच क्षितिजावर उजेड येतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती माशांच्या साठ्यासाठी; आकाशाला त्यातून आपसूक लाभ होतो.

अक्षांश कमी असल्याने दक्षिणेचे तारे येथे वर येतात. मालवणहून अगस्त्य (कॅनोपस) सुमारे २१ अंश, मित्र (आल्फा सेंटॉरी) १३ अंश, तर त्रिशंकू (सदर्न क्रॉस) तारकासमूहाचा तळाचा तारा जेमतेम ११ अंश उंची गाठतो. इतक्या खाली प्रकाशाला डोक्यावरच्या मानाने सुमारे पाचपट हवा ओलांडावी लागते, म्हणजे इथेही कस लागतो तो स्वच्छतेचाच. त्रिशंकू फेब्रुवारीत पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास आपल्या सर्वाधिक उंचीवर येतो, तेव्हा मतलई वाऱ्याचाही लाभ मिळतो. अगस्त्याचा पहाटेचा पहिला उदय कोकणात गणिताने साधारण ऑगस्टमध्ये, भर पावसात पडतो. हा उदय प्रत्येक प्रदेशासाठी वेगळा काढावा, असे वराहमिहिरानेही बृहत्संहितेत सांगून ठेवले आहे.

किनाऱ्यावरील आधुनिक निरीक्षणाचा आरंभ विजयदुर्गाशी जोडतात, पण त्याच्या सालाबद्दल मतभेद आहे. प्रचलित समजुतीनुसार १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी या किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला. किल्ल्यातील चौथरे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून दाखवतात, आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. त्या ग्रहणाचा पट्टा या भागावरून गेला, हे खरे. परंतु त्या ग्रहणाचे निरीक्षण करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांपैकी जान्सेन यांचे निरीक्षण गुंटूरचे, पॉगसन यांचे मच्छलीपट्टणचे; आणि लॉकयर यांनी सूर्याच्या वर्णपटातली, हेलियमची खूण असलेली पिवळी रेषा ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाविना नोंदवली. विजयदुर्गावर ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी; ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीला होते. पृथ्वीवर हेलियम त्याआधीच, १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना सापडला होता. तेव्हा कट्ट्यांचा संबंध १८९८ च्या मोहिमेशी असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हवामानही त्याच बाजूने साक्ष देते: ऑगस्टमधील कोकण किनारा ग्रहणासाठी कोणी जाणता निरीक्षक निवडणार नाही, जानेवारीतला निवडेल. विजयदुर्गाचा मान यामुळे कमी होत नाही. १८९८ ची मोहीम स्वतःच महत्त्वाची होती.

महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये काळोख्या आकाशाचे संरक्षित उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. देवगड-राजापूरकडचे सडे अशा संरक्षणास पात्र आहेत. तेथे पथदिव्यांना खाली प्रकाश टाकणारी टोपणे बसवण्यापासून आरंभ करता येईल.