हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

अमेरिकेतल्या मुलाकडे निघालेले बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे आईवडील तिकीट हातात पडले की सहसा एकच हिशेब मांडतात: विमान ताशी नऊशे किलोमीटर जाते, तेव्हा अंतराला नऊशेने भागले की तास निघाले. एवढ्यावर भागत नाही. कोल्हापूर आणि चोर्ला घाटातून पणजी ही दोन्ही ठिकाणे बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहेत, पण दोन्हीकडे सारख्याच वेळात पोहोचू असे इथला कोणताही गाडीवाला म्हणणार नाही.

दोन विमानतळांमधले म्हणून जे अंतर सांगितले जाते, ते पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर असते. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळूर असे सुमारे 445 किलोमीटर भरते आणि दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को सुमारे 12,400 किलोमीटर. प्रत्यक्षात विमान या रेषेला धरून जातेच असे नाही. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून सुमारे 13,900 किलोमीटर जात असे. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यात आले, तेव्हा अंतर वाढून 15,300 किलोमीटर झाले आणि वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. याचे कारण म्हणजे दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात. ते पाठीशी असले की विमानाचा जमिनीच्या हिशेबातला वेग वाढतो आणि समोरून आले की तितकाच मार खातो. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, असे पुष्कळजण सांगतात. पण पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरत असते, त्यामुळे ते खरे कारण नव्हे. युद्धामुळे किंवा वैरामुळे एखाद्या देशाचे आकाश बंद झाले की वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांचा वेळ असाच वाढला. दोन विमानतळांमधले अंतर त्यामुळे एका किलोमीटरनेही बदलले नाही.

तिकिटावरची घड्याळे आणखी फसवतात, कारण सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची पोहोचण्याच्या गावची. बेंगळूरहून हिवाळ्यात दुपारी 2 वाजता निघालेले विमान सतरा तास उडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, तर तिथे त्याच दिवशीचे सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात, कारण तिथले घड्याळ आपल्यामागे साडेतेरा तास चालते. नुसती वजाबाकी केली तर साडेतीन तासांत अमेरिका! तिकिटावर ‘एकूण कालावधी’ असा वेगळा रकाना असेल, तर तोच पाहावा. तो विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, म्हणून धावपट्टीकडे जाण्यात आणि रांगेत उभे राहण्यात गेलेली मिनिटेही त्यात धरलेली असतात. मात्र बेंगळूरचा टप्पा वेगळ्या तिकिटावर काढलेला असेल, तर सांबऱ्याहून निघाल्यापासूनचे तास आणि बेंगळूरला पुढच्या विमानासाठी थांबण्याचे तास त्यात येत नाहीत; ते आपले आपणच मिळवावे लागतात.